एक आणा आणि जिल्ह्याची तिजोरी

दरवर्षी मार्च महिन्यात वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक ठरलेली बातमी येते. "जिल्हा परिषदेचे शिलकी अंदाजपत्रक सादर". खाली अर्थ समितीच्या सभापतींचा, आणि सभागृहच नसेल तेव्हा प्रशासकांचा, फोटो. शेतकऱ्यांसाठी ताडपत्र्या, मुलींना सायकली, दिव्यांगांना साहित्य अशी तरतुदींची यादी. आणि शेवटी शिल्लक किती ते. आपण वाचतो, शिल्लक आहे म्हणजे सारे ठीक आहे असे समजतो आणि पान उलटतो.

मंडळी, ही 'शिल्लक' मला बरीच वर्षे छळत आली आहे. घरात महिनाअखेरीस पैसे उरले तर घर सुस्थितीत आहे असे आपण म्हणतो. पण गळके छप्पर दुरुस्त केले नाही, पोराची फी भरली नाही, म्हणून पैसे उरले असतील तर? शिवाय त्या बातमीतला आकडा बहुधा जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा असतो, ज्याला तिथे सगळे 'सेस' म्हणतात. जिल्हा परिषदेच्या हातातून वर्षभरात जो पैसा जातो त्याचा हा अगदी छोटा तुकडा. शिक्षकांचे पगार, आरोग्य केंद्रे, रस्ते, नळ योजना यांचा मोठा पैसा राज्य आणि केंद्र सरकारकडून येतो.

माझा सारा पगार याच दारातून आला. आधी शिक्षिका म्हणून, मग मुख्याध्यापिका म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे परदेशातल्या भाचरांना आणि शहरात वाढलेल्या नातवंडांना ही संस्था म्हणजे नक्की काय, हे एकदा सांगावे असे मनात होते. शहराला जशी महापालिका किंवा नगरपालिका, तसे जिल्ह्यातल्या सगळ्या खेड्यांना मिळून जे सरकार, ती जिल्हा परिषद. तिची प्रकृती कशी ओळखायची? मला वाटते, चार प्रश्न विचारावेत. खर्चायच्या पैशातला स्वतःचा किती? आलेला पैसा वेळेवर आणि नीट खर्च होतो का? हिशेब कोण तपासतो आणि तपासून काय होते? आणि निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर कोण बसले आहे? या प्रश्नांची उत्तरे आजच्या अंदाजपत्रकात सापडत नाहीत. त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

सुरुवात होते १८६३ साली, एका आण्यापासून.

मुंबई इलाख्यात त्या साली शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. म्हणजे साऱ्याचा सोळावा हिस्सा. हा पैसा सरकारच्या मुख्य तिजोरीत न जाता त्या त्या जिल्ह्यातच खर्च व्हायचा. म्हणून त्याचे नाव 'लोकल फंड'. १८६९ च्या कायद्याने त्याला रीतसर रूप मिळाले. विभागणीही साधी होती. दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. आपल्या जिल्ह्याचे जुने गॅझेटियर कुठे वाचायला मिळाले तर त्यातले लोकल फंडाचे पान जरूर पाहा. साऱ्यावरचा आणा ही मुख्य बाब, आणि तिच्या जोडीला नावेच्या उताराचे उत्पन्न, रस्त्यावरचा टोल, शाळेची फी आणि कोंडवाड्याचा दंड! दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या गुरांचा दंडसुद्धा जिल्ह्याच्या तिजोरीत जमा. खर्चाच्या बाजूला रस्ते, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा.

पैसा थोडाच होता, पण कुठून आला आणि कुठे गेला हे एका पानावर दिसत होते.

मात्र तो खर्च करणारी समिती कोणाची? कलेक्टर, त्याचे मदतनीस, कार्यकारी इंजिनिअर, शिक्षण खात्याचा अधिकारी आणि त्यांच्यासोबत काही खाजगी सभासद. कलेक्टरसाहेबांपुढे त्या खाजगी सभासदांचे किती चालत असेल, याची कल्पना करायला इतिहासाची पदवी लागत नाही. पैसा रयतेचा आणि निर्णय साहेबाचा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात हेच दुखणे होते. सरकारी उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणाच्या रूपाने रयतेकडे फार थोडे परत जाते, असे त्यांनी स्पष्ट मांडले. जिल्ह्याच्या हिशेबाचे हे आपल्याकडचे पहिल्या काही परीक्षणांपैकी एक म्हणायला हरकत नाही. आकड्यांचा ताळमेळ बसतो का, यावर ते थांबत नाही. पैसा कोणाकडून आला आणि कोणासाठी गेला असे ते विचारते.

त्याच १८८२ सालच्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव आला. मग १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा. जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड आणि तालुक्याला तालुका लोकल बोर्ड. काही सभासद निवडलेले, काही नेमलेले, पण बोर्डाच्या डोक्यावर कलेक्टर कायम. १९२३ च्या कायद्यानंतर निवडून आलेल्यांचे वजन वाढले आणि बिनसरकारी अध्यक्ष दिसू लागले. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळाही स्थानिक संस्थांकडे दिल्या, आणि पुढे १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची घडी बसवली. आमच्या लहानपणी खेड्यातली म्हातारी माणसे 'बोर्डाची शाळा', 'बोर्डाचा दवाखाना' असेच म्हणायची. जिल्हा परिषद येऊन कितीतरी वर्षे झाली तरी त्यांच्या तोंडी बोर्डच होते.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा हा वारसा एकसारखा नव्हता. पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डे, विदर्भात १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा, आणि मराठवाड्यात निजामाच्या राज्यातून आलेली निराळीच व्यवस्था. एका राज्यात तीन तऱ्हा! ती घडी बसवण्यासाठी जून १९६० मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात २२६ शिफारशी होत्या.

त्यातली एक शिफारस फार मोलाची होती. १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने देशासाठी तालुक्याच्या, म्हणजे विकास गटाच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने सांगितले की महाराष्ट्रात जिल्हा हीच बळकट पातळी असावी. कामांसाठी इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी ठेवायचे, रस्त्यांचे जाळे आखायचे, तर तेवढा आवाका जिल्ह्यालाच असतो. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले. आमदार-खासदारांनाही त्या सभागृहात जागा दिली नाही. कारभाराला मुख्य कार्यकारी अधिकारी हा वेगळा वरिष्ठ अधिकारी दिला. १ मे १९६२ ला २५ जिल्हा परिषदा सुरू झाल्या. (आज त्या ३४ आहेत.) बोर्डाच्या शाळा, दवाखाने, रस्ते आणि सरकारी खात्यांची कितीतरी कामे एका छपराखाली आली. खेड्यातल्या माणसाच्या हाती इतकी सत्ता त्यापूर्वी कधी आलेली नव्हती. शंकरराव, वसंतराव, बाळासाहेब अशा नावांची एक पिढीच्या पिढी या सभागृहांत अंदाजपत्रक वाचायला शिकली आणि तिथून विधानसभेत गेली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. स्वतःचा पैसा किती?

जिल्हा परिषदेच्या कायद्याने जुना आणा सोडला नाही, वाढवला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे २० पैसे उपकर. म्हणजे १८६३ च्या सव्वासहा पैशांच्या तिपटीहून जास्त. पंचायत समितीने ठरवले तर तो आणखी वाढवता यावा, आणि लोकांनी स्वतःहून जादा कर दिला तर सरकारनेही त्या प्रमाणात भर घालावी, अशी सोय केली. कागदावर उत्तम योजना!

पण मेख पायातच होती. उपकर शेतसाऱ्यावर, आणि शेतसारा थिजलेला. इंग्रजी अमदानीत जमीन मोजून, प्रत ठरवून आकार बसवला जाई आणि साधारण तीस वर्षांनी त्याची फेरतपासणी होई. स्वातंत्र्यानंतर ती फेरआकारणी जवळजवळ थांबली. कोणत्याही पक्षाच्या सरकारला शेतकऱ्यावर सारा वाढवणे परवडणारे नव्हते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याची दशा पाहता ते बरोबरही नव्हते. आपापला सातबारा काढून पाहा. 'आकार' या शब्दापुढे किती रुपये-पैसे लिहिले आहेत? समजा चार रुपये आहेत. त्यावर २० पैशांनी उपकर झाला ८० पैसे. दर दुप्पट केला, चौपट केला, तरी चहाचा एक कप येत नाही. १८६३ मध्ये एका आण्याच्या जोरावर रस्ता होत होता, कारण तेव्हा सारा हीच राज्याची मोठी मिळकत होती. पुढे सगळ्या वस्तूंच्या किमती वाढल्या, मजुरी वाढली, पगार वाढले, पण ज्या खुंटाला जिल्ह्याची तिजोरी बांधली होती तो खुंट जागचा हलला नाही.

मग आज 'सेस' कुठून भरतो? जमिनीच्या खरेदी-विक्रीवर जो मुद्रांक शुल्काचा एक टक्का जादा घेतात त्यातला वाटा, पाणीपट्टीवरचा उपकर, रस्त्याकडेच्या जागांवर बांधलेल्या गाळ्यांचे भाडे, आणि बँकेतल्या ठेवींवरचे व्याज. यातल्या दोन गोष्टींवर थोडे थांबावे असे वाटते.

पहिली मुद्रांक शुल्काची. पुणे-ठाण्याच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव. तिथल्या जिल्हा परिषदेला व्यवहारांतून भरपूर मिळते. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत जंगलच जास्त. तिथे कोण प्लॉट पाडणार? म्हणून 'स्वतःचे उत्पन्न जास्त ती जिल्हा परिषद निरोगी' असे सरधोपट मोजमाप लावले तर गरीब जिल्ह्यावर अन्याय होतो. बिल्डर आला म्हणून कारभार सुधारला असे होत नाही.

दुसरी व्याजाची. योजनेचा पैसा आला, खर्च झाला नाही, बँकेत पडून राहिला, की त्याला व्याज सुटते. कित्येक वर्षे असे व्याज हा 'स्वतःच्या उत्पन्नाचा' चांगला जाडजूड भाग होता. म्हणजे काम रखडले की उत्पन्न वाढले! शिल्लक पाहून आनंद मानू नये असे मी म्हणते ते यासाठी. काही जिल्ह्यांत तर जिल्हा मध्यवर्ती बँक अडचणीत आली आणि ठेवलेला पैसाही अडकला. व्याज राहिले बाजूला, ठेकेदारांची देणी आणि पगार यांची ओढाताण झाली.

म्हणून दुसरा प्रश्न. आलेला पैसा वेळेवर खर्च होतो का?

राज्य सरकारची अनुदाने नाना प्रकारची. आस्थापना अनुदान पगारांसाठी, हेतुक अनुदान ठराविक कामासाठी, समानीकरण अनुदान मागास भागाला वर आणण्यासाठी. यातला पगाराचा हिस्सा सर्वांत मोठा, आणि त्यात आम्ही शिक्षक सर्वांत जास्त. आमचा पगार जिल्हा परिषदेच्या हिशेबातून जातो, पण त्यातला एक रुपयाही इकडचा तिकडे करायची तिला मुभा नाही. पोस्टमन मनिऑर्डर आणून देतो, तसे. मनिऑर्डरी खूप आल्या म्हणून पोस्टमनला कोणी श्रीमंत म्हणत नाही.

योजनांचा पैसा मात्र वर्षाच्या उत्तरार्धात, आणि बराचसा फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचा. मार्चच्या शेवटच्या रात्री जिल्हा परिषदेच्या इमारतीतले दिवे जळत असतात हे सर्वांना ठाऊक आहे. सरकारी अनुदान त्या वर्षी खर्च झाले नाही तर पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत खर्चायला सवड असते, आणि तोवरही राहिले तर परत करायचे. दोन पावसाळे मिळूनही पैसा परत जातो. का? कधी मंजुरीला वेळ लागतो, कधी जागेचा वाद, कधी शाखा अभियंत्याचे पद रिकामे, कधी सदस्यांत कामांच्या वाटणीवरून भांडण. कोणत्या विभागाचा किती निधी परत गेला, हे शिलकेपेक्षा कितीतरी खरे लक्षण आहे. रिकाम्या पदांचा आकडाही तसाच. ग्रामसेवकाकडे तीन गावे, विस्तार अधिकाऱ्याकडे दोन जणांची बीटे, डॉक्टर नाही म्हणून आरोग्य केंद्राला कुलूप. कागदावर पगाराची बचत दिसते, आणि गावात माणूस दिसत नाही.

इथे जरा परदेशातल्या भाचरांना विचारते. तुम्ही अमेरिकेत ज्या काउंटीत राहता तिथे घराच्या कराचे बिल येते ना? शाळेला इतके, रस्त्याला इतके, शेरीफला इतके, असे त्यावर बहुधा वेगवेगळे लिहिलेले असते. ते वाचून माणसे चिडतात, सभेला जातात, जाब विचारतात. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाला घरपट्टी येते ती ग्रामपंचायतीची. जिल्हा परिषदेच्या नावाचे बिल त्याच्या हाती कधी पडत नाही. तिचा उपकर सातबाऱ्याच्या पावतीत चार पैशांच्या रूपाने दडलेला. ज्याला बिल येत नाही तो हिशेब मागत नाही. पैसा 'वरून' येतो, आणि वरून आलेल्याबद्दल आभार मानायचे असतात, जाब विचारायचा नसतो, अशी समजूत होऊन बसते.

मग हिशेब विचारतो कोण? हा तिसरा प्रश्न.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० सालचा. त्या खात्याची माणसे जिल्हा परिषदेचे आणि पंचायत समित्यांचे दप्तर तपासतात. महालेखापालांची तपासणी वेगळी. त्यावर विधिमंडळाची पंचायत राज समिती. ती जिल्ह्यात येते, अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते. व्यवस्था कमी नाही.

मी या व्यवस्थेच्या अगदी शेवटच्या टोकाला होते. शाळेला सादिलचे थोडे पैसे मिळत. खडू, झाडू, रजिस्टरे, घागर असला खर्च. लेखापरीक्षणाचे पथक तालुक्याला आले की आम्ही कीर्द, पावत्यांची फाईल आणि जडवस्तूंची नोंदवही पिशवीत घालून एसटीने जायचो. एकदा आक्षेप निघाला तो तरटपट्ट्यांचा. नोंदवहीत बारा, शाळेत आठ. चार फाटून चिंध्या झाल्या होत्या, पण निर्लेखनाचा ठराव वरून मंजूर होऊन आला नव्हता. "बाई, चिंध्या तरी ठेवायच्या होत्या," लेखापरीक्षक म्हणाले. बिचारे चांगले गृहस्थ होते, त्यांचाही नाइलाज. आम्ही अनुपालन पाठवले. पुढच्या खेपेला तोच आक्षेप पुन्हा. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी त्या शाळेतून बदलून गेले तरी चार तरटपट्ट्या कागदावर जिवंत होत्या.

हसू येते, पण यात एक धडा आहे. लेखापरीक्षणाने पावती आहे का ते पाहिले. त्या शाळेतली मुले ओल्या जमिनीवर बसत होती का, हे विचारायला नोंदवहीत रकानाच नव्हता. आणि अशा लहान आक्षेपांचा ढीग इतका वाढतो की त्याखाली मोठे आक्षेपही गाडले जातात. जिल्हा परिषदेच्या प्रकृतीसाठी आक्षेप किती निघाले यापेक्षा किती वर्षांचे आक्षेप तसेच पडून आहेत, हा आकडा महत्त्वाचा. आक्षेप निघणे हे तपासणी जिवंत असल्याचे लक्षण आहे. ते दहा-दहा वर्षे न मिटणे हे कारभार थकल्याचे.

पैशाबरोबर कारभाराचेही मूल्यमापन व्हावे म्हणून सरकारने दोन मोठ्या समित्या नेमल्या. १९७० मध्ये ल. ना. बोंगिरवार समिती, जिने १९७१ मध्ये २०२ शिफारशी दिल्या. आणि १९८४ मध्ये सांगलीच्या प्राचार्य पी. बी. पाटलांची समिती, जिच्या १९८६ च्या अहवालात १८४ शिफारशी. आज स्पर्धा परीक्षेची मुले हे आकडे घडाघडा म्हणून दाखवतात. शिफारशींचे पुढे काय झाले, असा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही!

त्याच काळात दुसरीकडे काय चालले होते ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. ग्रामीण महाराष्ट्रातले एवढे मोठे काम, पण त्याची सूत्रे कलेक्टरकडे. १९७४ मध्ये जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली. जिल्ह्याच्या योजना ठरवण्याचे टेबल जिल्हा परिषदेच्या सभागृहातून उठून पालकमंत्र्यांच्या बैठकीत गेले. ज्या कलेक्टरला १९६२ मध्ये सन्मानाने बाहेर ठेवले होते तो मागच्या दाराने आत आला. जिल्हा परिषदेचे कोणी काही हिसकावले नाही. नवा पैसा आला तो दुसऱ्या वाटेने आला, एवढेच.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा दिली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अकराव्या परिशिष्टात २९ विषय, दर पाच वर्षांनी निवडणूक, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग. महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. यातून फार चांगल्या बायका पुढे आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पहिल्या वर्षी नवऱ्याच्या मागे बसणारी सदस्य तिसऱ्या वर्षी आरोग्य केंद्रात औषधे का नाहीत म्हणून सभागृहात उभी राहायची. पण तिच्या हातात पैसा किती? २०१५ ते २०२० या काळासाठी चौदाव्या केंद्रीय वित्त आयोगाने ग्रामीण संस्थांचा सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. ग्रामपंचायतींचे भले झाले, ते व्हायलाच हवे होते. पण जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याला काही आले नाही. पंधराव्या आयोगाने २०२० पासून तो वाटा, थोडा का होईना, पुन्हा सुरू केला.

आणि आता चौथा प्रश्न. खुर्चीवर कोण?

१९६२, १९६७, १९७२ अशा निवडणुका वेळेवर झाल्या. नंतरची १९७९ मध्ये. आणि त्यानंतरची थेट १९९२ मध्ये! तेरा वर्षे मतदाराला विचारलेच नाही. घटनादुरुस्तीनंतर हे पुन्हा होणार नाही असे वाटले होते, आणि १९९७ ते २०१७ पर्यंत ते खरेही ठरले. मग मार्च २०२२ मध्ये २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचनेचे वाद होते. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. तीन वर्षे उलटून गेली तरी निवडणुका नव्हत्या. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्यानंतरही मुदत वाढवून द्यावी लागली.

प्रशासकाच्या काळात काही ठिकाणी फायली वेगाने हलल्या, हे नाकारत नाही. भांडणे नाहीत, टक्केवारीची कुजबुज कमी, असे सांगणारे मला भेटले. पण अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि खर्च करणारा तोच. दीडशे वर्षांपूर्वी लोकल फंडाच्या समितीत निदान काही खाजगी सभासद तरी कलेक्टरसमोर बसत होते!

मग निदान काय? रोगी अगदीच हाताबाहेर गेला आहे असे मला वाटत नाही. खेड्यापाड्यातली प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, उपकेंद्रातली नर्स, लसीकरण, जनावरांचा दवाखाना हे सगळे अजून याच संस्थेच्या खांद्यावर आहे. २०२० च्या महामारीत दारोदार फिरल्या त्या आशा ताई आणि आरोग्यसेविका याच व्यवस्थेतल्या. हातपाय धडधाकट आहेत. पण हात कुठे वळवायचा हे ठरवण्याची ताकद वर्षागणिक कमी होत गेली. १८६३ च्या तिजोरीत पैसा थोडा होता आणि लोकांचे चालत नव्हते. १९६२ मध्ये पैसा थोडा होता पण लोकांचे चालू लागले. आज पैसा पुष्कळ जातो-येतो, आणि लोकांचे पुन्हा फारसे चालत नाही.

यावर सगळा पैसा जिल्ह्यातच गोळा करा, हा उपाय नाही. गडचिरोली-नंदुरबारला राज्याने द्यायलाच हवे. पण देताना लोकसंख्या, क्षेत्रफळ, मागासलेपण पाहून एकदा ठरवलेली, वेळेवर येणारी आणि कशावर खर्चायची ते जिल्ह्याने ठरवायची अशी रक्कम द्यावी. शंभर योजनांची शंभर पाकिटे पाठवू नयेत. राज्य वित्त आयोग घटनेत घातला तो याच कामासाठी. त्याचा अहवाल वेळेवर यावा आणि स्वीकारला जावा, ही मागणी मोर्च्यात कधी ऐकू येत नाही. यायला हवी.

आणि आपण काय करायचे? जिल्हा परिषद वार्षिक प्रशासन अहवाल काढते. माहितीचा अधिकारही २००५ पासून हाताशी आहे. पुढच्या मार्चमध्ये शिलकी अंदाजपत्रकाची बातमी वाचली की चारच आकडे मागा. एकूण खर्चात आपल्या मर्जीने खर्चता येणारा पैसा किती, परत गेलेला निधी किती, पाच वर्षांहून जुने आक्षेप किती आणि मंजूर पदांपैकी रिकामी किती. हे चार आकडे गावच्या चावडीवर खडूने लिहून ठेवले तरी पुरे. खडूचा खर्च सादिलमध्ये बसतो.

आपापल्या जिल्ह्याचे काय दिसते ते कळवा. विशेषतः ज्यांनी लोकल बोर्डाचा काळ घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल त्यांनी जरूर लिहा. ती माणसे आता थोडीच उरली आहेत.